दांडगे सरांचा पिक्चर

दांडगे सर नावालाच दांडगे. अंगानं काटकुळे, गालफडं बसलेली, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यावर लोंबायचा. गळ्यात शिट्टी. ती शिट्टी काढून ठेवलीत तर वाऱ्यानं उडून जाल, असं आम्ही स्टाफरूममध्ये त्यांच्या तोंडावर म्हणायचो. ते हसायचे आणि डब्यातला ठेचा माझ्यापुढं सरकवायचे. "घ्या मॅडम. बोलून बोलून घसा कोरडा पडला आसंल." ठेच्यानं घसा ओला कसा व्हायचा, हे विचारायची सोय नव्हती.

सिडकोतल्या आमच्या शाळेत ते खेळ शिकवायचे आणि मी मराठी. पण शाळेबाहेर माझी ओळख वेगळी होती. कुणाची एकसष्टी असो, पुस्तकाचं प्रकाशन असो, माइकपाशी कुलकर्णी बाई ठरलेल्या. मला त्याची हौस होती, खोटं कशाला बोलू? शाल कुणाच्याही खांद्यावर पडो, टाळ्या वाजल्या की मलाच बरं वाटायचं. माझे यजमान म्हणायचे, हिच्या हातात माइक दिला की तो परत आणायला माणूस पाठवावा लागतो. सरांविषयी लिहायला बसले आणि हे आधी सांगते आहे, कारण पुढं जे झालं ते या हौसेपायीच झालं.

सर फर्दापूरकडचे. अजिंठ्याच्या घाटाखाली त्यांचं गाव. वडील लहानपणीच गेले, चुलत्यानं आणि चुलतीनं वाढवलं. चुलते म्हणजे अप्पा, गावच्या तालमीचे वस्ताद. पुतण्याला पैलवान करायचं त्यांच्या फार मनात. "लई दूध पाजलं अप्पानं," सर सांगायचे, "पन अंगाला लागलंच नाय. सगळं डोळ्याला लागलं." डोळ्याला लागलं म्हणजे काय, तर शिकायला शहरात आल्यावर ह्यांनी इथली झाडून सगळी जुनी थिएटरं पालथी घातली. कॉलेजात कमी, थिएटरात जास्त. त्यातही गर्दीच्या पिक्चरचं त्यांना वावडं. कुणातरी नवख्यानं काढलेला, कधी नाव न ऐकलेला, चार दिवसांत उतरणारा पिक्चर कुठं लागलाय, हे मात्र त्यांना बरोबर कळायचं.

"पिक्चर म्हंजे काय खो-खो हाय का मॅडम, पळत सुटायला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खेळाच्या मास्तरांनी असं म्हणावं याची आम्हाला गंमत वाटायची. पण मैदानावरही ते तसेच. शर्यत लागली की सगळी शाळा पहिल्या नंबराकडं बघून ओरडायची, आणि सर शिट्टी तोंडात धरून सगळ्यात मागून येणाऱ्याकडं बघत उभे. एकदा पहिलं कोण आलं हेच त्यांनी बघितलं नाही. मुख्याध्यापिका चिडल्या. सर म्हणाले, "पहिल्याला बघायला तुमी सगळे होतात की."

मॉलच्या वरच्या मजल्यावर मल्टिप्लेक्स नवीन सुरू झालं, तेव्हा आमचा अख्खा स्टाफ एका मोठ्या हिंदी पिक्चरला गेला. पिक्चर संपला. आम्ही बायका पर्सा सावरत दारापाशी पोचलो, तर सर जागेवरच. पडद्यावर नावं चाललेली, ओळीनं, बारीक अक्षरांत. मी हाका मारतेय, "अहो सर, चला ना, रिक्षा मिळायची नाही!" तर म्हणतात, "नावं हायेत आजून."

"कुणाची?"

"कुनाची का आसंनात. उन्हातान्हात उभे ऱ्हायले आस्तील बिचारे."

झाडायला आलेली बाई त्यांच्यापाशी थांबली. सरांनी पाय वर घेतले, तिनं खालून झाडू फिरवला, सरांनी पाय खाली ठेवले. नजर पडद्यावर ती पडद्यावर. आम्ही हसून हसून बेजार.

त्या वर्षांत पाऊस ओळीनं हुकला. खेड्यांत टँकर सुरू झाले. शहर मात्र चौफेर सुटलं होतं. बायपासच्या पलीकडं कालपर्यंत तूर होती तिथं इमारती, रोज एखादं नवं दुकान, नवा बोर्ड. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि मॉलच्या तळमजल्यावर कारंजं उडायचं. आम्ही घरची पिंपं भरून ठेवायचो आणि रविवारी ते कारंजं बघायला जायचो. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडावर मधल्या सुट्टीत सर म्हणाले, "मॅडम, मी पिक्चर काढायलोय."

"कशावर?"

"मातीवर."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. आखाड्याची माती रोज भिजवावी लागते, नाहीतर ती दगडासारखी होते आणि पोरांची अंगं फुटतात. पण दुष्काळात गावाला प्यायलाच पाणी नाही. तेव्हा तालमीचा म्हातारा वस्ताद आपल्या वाट्याची आंघोळीची बादली रोज नेऊन आखाड्यात ओततो.

"आणि पुढं?"

"पुढं काय? वततो."

"म्हणजे शेवटी पाऊस येतो?"

"नाय येत."

"अहो सर, मग लोक कशाला बघतील?"

"लोकांकडं तरी कुठं आलाय?" असं म्हणून त्यांनी ठेच्याचा डबा बंद केला.

पिक्चरचं नाव 'माती भिजंना'. कॅमेरा मुजीबभाईंचा. मुजीबभाईंचा शहागंजात फोटो स्टुडिओ होता, जन्मभर लग्नांचं शूटिंग केलेला माणूस. सरांची आणि त्यांची ओळख जुन्या थिएटरांच्या पायऱ्यांवरची. वस्तादाच्या कामाला दुसरं कोण असणार? अप्पाच. अप्पा आधी तयार होईनात. मग एका अटीवर कबूल झाले. ते सरांना म्हणाले, "मोठ्या पडद्यावर दाखवशील तर करतो. सगळ्या गावाला न्यायचं. त्या मोबाइलमधी नको, मला दिसत नाय." सरांनी अप्पांच्या पायावर हात ठेवून शब्द दिला. पिक्चर कसा का होईना, चालो न चालो, अप्पांना आणि गावाला तो थिएटरात बसवून दाखवायचा. सरांच्या मनात त्या पिक्चरचं एवढंच होतं. बाकीचं सगळं आमच्या मनातलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी एक दिवस शूटिंगला गेले होते, धपाट्यांचा डबा घेऊन. ऊन असं की चप्पल खाली चिकटावी. अप्पा बादली घेऊन आखाड्याकडं चाललेले, गाव भोवती गोळा झालेलं. सरांनी शिट्टी वाजवली की अप्पांनी चालायचं, परत वाजवली की थांबायचं. अप्पांना कमी ऐकू यायचं, पण शिट्टी ऐकू यायची. अर्धं अंतर चालून झालं आणि एकदम सावली आली. सगळ्यांनी वर बघितलं. ढग! कित्येक महिन्यांत न बघितलेला, चांगला काळा ढग.

मुजीबभाई कॅमेऱ्यामागून म्हणाले, "सर, रोशनी गयी. बादल हटे तक रुकना पडता."

सर वर बघून हात हलवत म्हणाले, "जा रे बाबा, सरक जरा तिकडं. काम होऊ दे."

मागून चुलतीचा आवाज आला. काकू म्हणजे अप्पांच्या मालकीण, ठसठशीत कुंकू, आवाज असा की सरांच्या शिट्टीची गरज पडू नये. "आरं नाम्या! सगळं गाव ढगाची वाट बघायलंय आन् तू त्याला हाकलायलास? जीभ झडंल तुझी!"

सगळं गाव हसलं. सर नाही हसले. त्यांचं तोंड एवढंसं झालं. ते तिथंच मातीत बसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आज शूटिंग नाय." आम्ही सगळे माना वर करून बसून राहिलो. ढग हळूहळू डोंगराकडं सरकला आणि निघून गेला. थेंब पडला नाही. मुजीबभाई म्हणाले, "चलो सर, धूप आ गयी." पण सरांनी त्या दिवशी शिट्टी तोंडाला लावली नाही. पिक्चरमध्ये तो तुकडा तसाच ठेवलाय. अप्पा उन्हात चालायला लागतात आणि सावलीत पोचतात. नंतर कितीतरी दिवस सर स्टाफरूममध्ये मध्येच म्हणायचे, "मी ढगाला जा म्हनलो, मॅडम." मी समजूत घालायची, अहो, ढग काय तुमचं ऐकून गेला का? ते म्हणायचे, "नसंल. पन म्हनायला नको होतं."

पिक्चर पुरा व्हायला बराच काळ गेला. पुरा झाल्यावर थिएटर मिळायला त्याहून जास्त. मुंबईच्या फेऱ्या, फोन, बघू, कळवतो. शेवटी त्या मॉलमधल्या मल्टिप्लेक्सनं हो म्हटलं. शुक्रवारपासून, रोज सकाळी अकराचा एकच खेळ. तिथला मॅनेजर तरुण होता, टाय लावलेला, बोलायला गोड. त्यानं सरांना स्पष्ट सांगितलं होतं, "सर, पहिल्या दोन दिवसांत तिकिटं गेली तरच राहील. माझ्या हातात काही नाही. मुंबईहून आकडे बघून ठरतं."

सर पेढे घेऊन शाळेत आले. प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवताना सांगत होते, "या पिक्चरला. पन तिकीट काढून या बरं का. ते लोक डोकी मोजत नायत, तिकिटं मोजतेत."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अहो सर, तिकिटाचं काय घेऊन बसलात! आधी तुमचा सत्कार झाला पाहिजे."

आमच्या शहराची ही रीत बाहेरच्याला कळायची नाही. इथं ओळखीच्या माणसानं पुस्तक लिहिलं तर आपण ते विकत घेत नाही, सही करून घेतो. नाटक केलं तर पासावर बघतो. आपल्याच माणसाच्या दारात तिकीट काढून जायचं, हे आम्हाला परकेपणाचं वाटतं. शेजाऱ्याकडं चहा घेतला आणि पैसे ठेवून आलो, असं. आणि हे सगळं प्रेमानं बरं का. माणसावर जीव असतो म्हणून आम्ही पास मागतो.

मी संस्थेच्या अध्यक्षांना गाठलं. त्यांनी गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे पिक्चर लागायच्या आदल्या दिवशी, तो हॉल घेऊन दिला. निमंत्रितांसाठी खास खेळ आणि दांडगे सरांचा भव्य सत्कार. 'भव्य' हा शब्द माझाच. मी पास छापून घेतले. पासांवर उड्या पडल्या. डॉक्टर, वकील, नगरसेवक, आमच्या भिशीतल्या बायका, सगळ्यांना पास हवे. माझा फोन खाली राहत नव्हता आणि मी मनातून हरखले होते.

सर एकदा हळूच येऊन उभे राहिले. "मॅडम, गावाकडची मानसं गुरुवारी आनायची म्हनतो."

"अहो सर, गुरुवारी जागाच नाही. सगळे पाहुणे. त्यांची गैरसोय होईल. गावकऱ्यांना तुम्ही रविवारी बोलवा. रविवारी निवांत बघतील."

"अप्पापुरती तरी एक खुर्ची. मागची चालंल."

"आणि अंधाराचं त्यांना घाटातून परत कोण नेणार? रविवारी, सर. निवांत."

"बरं," सर म्हणाले. दांडगे सर 'बरं' म्हणाले की विषय संपला. मला वाटलं, त्यांना पटलं.

गुरुवारची संध्याकाळ काय सांगू! हॉल भरून लोक पायऱ्यांवर बसले होते. मी इतकं चांगलं कधीच बोलले नसेन. सरांच्या खांद्यावर शालीवर शाल पडत होती, आणि ते एकेक काढून मुजीबभाईंच्या मांडीवर ठेवत होते. मग पिक्चर सुरू झाला. लोक रडले. खरंच रडले. अप्पा आखाड्यात बादली ओततात आणि ओली जागा बघता बघता सुकून जाते, तेव्हा माझ्या शेजारचे वकीलसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. सरांचा पिक्चर ज्यांनी ज्यांनी म्हणून बघितला असता, तो शहरातला एकूण एक माणूस त्या संध्याकाळी तिथं होता. आणि प्रत्येकानं तो फुकट बघून टाकला.

शुक्रवारी सकाळी अकराला आम्ही सगळे शाळेत. सरांवर जीव टाकणारी माणसं म्हणजे मास्तर आणि मास्तरणी, आणि अकरा वाजता मास्तर कुठं असणार? संध्याकाळी मुजीबभाईंना फोन केला. ते म्हणाले, "मैं था, सर थे, और एक जोडा था. वो एसी में बैठने कू आया था." मी शनिवारी सकाळपासून फोन फिरवायला लागले. वकीलसाहेब म्हणाले, "अहो बाई, गुरुवारी बघितला की! काय सुंदर!" भिशीतली एक म्हणाली, "माझ्या नणंदेला बघायचाय, पास उरलेत का?" आणखी कुणी म्हणालं, आता मोबाइलवर येईलच की. मी स्वतः शनिवारी अकराला कुठं होते? एका एकसष्टीला. माइकपाशी.

रविवारी मी गजऱ्यांची पुडी घेऊन मॉलमध्ये पोचले, गावातल्या बायकांसाठी. तिकिटाच्या खिडकीवरच्या पाटीवर सरांच्या पिक्चरचं नाव नव्हतं. एक मोठा हिंदी पिक्चर जोरात चालला होता, त्याला अकराचा खेळ वाढवून दिला होता. मॅनेजर म्हणाला की मुंबईहून सकाळीच कळलं. त्यानं सरांना फोन केला होता, आणि सरांनी गावाकडं. पण तोवर गाड्या घाटात होत्या आणि घाटात कुणाचा फोन लागतोय!

गाड्या आल्या. एक जीप, एक टेम्पो. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, गड्यांचे कपडे निळीत घातलेले. अप्पा इस्त्रीच्या धोतरात. सरकता जिना बघून सगळे बिचकले. सरांनी शिट्टी काढली आणि एकेकाला तालावर जिन्यावर चढवलं. वॉचमन धावत आला तर त्यालाही त्यांनी रांगेत उभं केलं. सगळे हसत होते. सरही. मी वर उभी राहून बघत होते आणि मला कळत होतं की यांतल्या कुणालाच अजून काही माहीत नाही.

सर मॅनेजरशी बोलून आले. मी म्हटलं, "सर, सांगून टाका ना त्यांना."

"तुमी सांगता?" सरांनी विचारलं.

जन्मभर मी माइकपुढं उभी राहिले. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

सरांनी सगळ्यांची तिकिटं काढली. त्याच हॉलची, त्या मोठ्या पिक्चरची. एवढ्या उन्हात आलेली माणसं तशीच कशी परत धाडायची, एवढंच तेव्हा त्यांच्या डोक्यात असणार. आम्ही बसलो. पडद्यावर गाड्या उडायला लागल्या, हिरो इमारतीवरून उडी मारायला लागला. अप्पा सरांच्या कानाशी वाकून, पण कमी ऐकू येत असल्यामुळं मोठ्यानं म्हणाले, "नामा, आपलं कवा लागायचं?"

"लागंल अप्पा."

मध्यंतर झालं. "आता का?"

"लागंल."

पिक्चर संपला. नावं सुरू झाली. बाकीचे लोक उठून गेले. आमच्या रांगेतलं कुणी उठलं नाही. सगळे हात जुळवून, नीट सावरून बसले. त्यांना वाटलं, आता आपलं. नावं संपली, दिवे लागले, झाडणाऱ्या बायका आल्या. तरी कुणी उठेना. मग अप्पांनीच गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना सगळं कळलं असावं. सरांकडं न बघता म्हणाले, "चल रं नामा. गाडीवाला खोळंबला आसंल."

बाहेर गजरे वाटताना काकूंनी माझा हात धरला. "बाई, तुमी बगितला म्हनं. आमचे हे कसे दिसत व्हते वो?"

"छान दिसत होते काकू."

"लई मोठे?"

"हो. भिंतीएवढे."

काकूंनी मान हलवली आणि गजरा डोक्यात माळला.

सोमवारी सर शाळेत आले, मैदानावर गेले, शिट्टी वाजली. जसं काही झालंच नव्हतं. मी वाट बघत होते की आज बोलतील, उद्या बोलतील. एकदा जरी म्हणाले असते की मॅडम, हे तुमच्यामुळं झालं, तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. नाही म्हणाले. मीच एकदा धीर करून सुरुवात केली, "सर, त्या गुरुवारचं..." तर म्हणाले, "लई छान बोललात तुमी त्या दिवशी," आणि ठेचा पुढं सरकवला. टोमणा नव्हता तो. सरांना टोमणा मारता येत नव्हता, हीच तर अडचण होती.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. सर निवृत्त झाले आणि गावाकडं राहायला गेले. मग मीही निवृत्त झाले. 'माती भिजंना' कुठल्याशा मोबाइलच्या ॲपवर आला. माझ्या यजमानांनी तो जेवताना बघितला, दोन दिवसांत मिळून.

आणि त्या मल्टिप्लेक्सचं काय झालं? लोकांना घरात लोळून बघायची सवय लागली. आधी दुपारचे खेळ रिकामे जायला लागले, मग संध्याकाळचे. एक हॉल बंद करून तिथं मुलांच्या उड्या मारायच्या जाळ्या लावल्या. दुसऱ्याला कुलूप. मोठ्या हिरोचा पिक्चरही माणसं नाहीत म्हणून रद्द व्हायला लागला. ज्या हॉलमध्ये सरांना एक रविवार मिळाला नाही, तो आठवडा आठवडा ओस पडलेला. माझ्या मनात यायचं, जावं, मॅनेजरला भेटावं, एक सकाळ मागून घ्यावी, सरांना फोन करावा. दिवाळीनंतर करू, म्हटलं. मग मुलाच्या लग्नानंतर. खरं सांगायचं तर मला सरांचा आवाज ऐकायची भीती वाटायची. मी फोन केला नाही.

सर मला शेवटचे भेटले ते तिथंच, आणि तेही अचानक. सुनेचा ड्रेस बदलून घ्यायला मॉलमध्ये गेले होते. आठवड्यातला मधला दिवस, दुपार व्हायची होती. सहज वर डोकावले, तर बाकावर सर आणि काकू. काकू वाळून एवढ्याशा झालेल्या, डोळ्याला काळा चष्मा. मला बघून सर उठून उभे राहिले. "या या मॅडम! बऱ्या हायेत ना?"

काकू म्हणाल्या, "डोळ्याचं आपरेशन केलं बाई नाम्यानं. आता दिसायलंय. म्हनलं, आता ह्यास्नी एकदा मोठं बघायचंय. त्या मोबाइलात नखाएवढे दिसतेत."

मॅनेजर तोच होता. टाय नव्हता, पोट सुटलेलं. बाराच्या खेळाला कुणीच नव्हतं म्हणून खेळ रद्द झालेला. तो म्हणाला, "सर, द्या इकडं तुमची डिस्क. मी लावतो. आता कुणाला विचारायचंही राहिलं नाही."

"तवा मानसं व्हती तर हॉल नव्हता," सर हसत म्हणाले, आणि पिशवीतून डिस्क काढून त्याच्या हातात दिली.

सर काकूंना घेऊन आत गेले. मी धावत खिडकीपाशी गेले. म्हटलं, "'माती भिजंना'चं तिकीट द्या." मुलीनं कॉम्प्युटरवर शोधलं. "असा पिक्चर नाहीये मॅडम इथं."

"मग बाराच्या खेळाचं द्या."

"तो कॅन्सल झालाय. तिकीट निघणार नाही."

"अगं, पैसे घे, काय वाट्टेल ते तिकीट दे!"

"नाही निघत मॅडम," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. मी पर्स उघडी धरून तिथं उभी राहिले, आणि मग तशीच आत गेले.

आत अंधार झाला होता. सर आणि काकू मधल्या रांगेत. पडद्यावर अप्पा बादली घेऊन घराबाहेर पडत होते, छतापासून जमिनीपर्यंत अप्पाच अप्पा. काकू पुढं झुकल्या आणि घरात बोलावं तशा मोठ्यानं म्हणाल्या, "आवो, टोपी तर नीट करा की! लोकं बघायलेत."

मला राहवलं नाही. वाटलं, जावं, म्हातारीचा हात धरून बसावं. मी रांगेतून पलीकडं गेले आणि काकूंच्या दुसऱ्या बाजूची मिटलेली खुर्ची बसायला खाली केली.

"मॅडम, तिथं नको," सर हळूच म्हणाले.

"का हो?"

"ती अप्पाची हाय."

रागाचा नव्हता आवाज. नेहमीचाच होता. मी खुर्ची हळूच सोडून दिली आणि मागं गेले. अख्खा हॉल रिकामा होता, आणि कुठल्या खुर्चीत बसावं ते मला कळेना.